एअर फ्रायरमधले रताळ्याचे फ्राइज मऊ का पडतात? (बाकीची कंदमुळेही चालतील)

केळफूल
एअर फ्रायर ४.२ लिटरचा, ओढून काढायच्या टोपलीचा, १४०० वॉटचा. अर्धा किलो रताळी, लाल सालीची, आतून पांढरी. सोलून बोटभर जाड तुकडे, एक टेबलस्पून तेल, मीठ, तिखट, सगळं एकत्र कालवून १८० अंशांवर २० मिनिटं. मध्ये एकदा हलवलं. निष्पत्ती: टोकं काळी, मधला भाग गिच्च, आणि ताटात काढल्यावर पाच मिनिटांत सगळ्यांनी माना टाकल्या. बटाट्याचे याच पद्धतीने थोडे बरे होतात, पण तेही वातडच.

नेटवरच्या पाककृतींत कॉर्नफ्लोर लावा म्हणतात. ते लावलं तर वर पांढरी भुकटी तशीच कच्ची राहते. नेमकं चुकतंय कुठे? सुरण, अळकुड्या, बीट वगैरेंचं काही जमत असेल तर तेही लिहा.

"कढईत तळा" हा सल्ला कृपया नको.

शेगडी
कढईत तळा.

शेगडी
(हलके घ्या. राहवलं नाही.)

बारीकसारीक
केळफूल, पाककृतीमध्येच चार चुका दिसताहेत, एकेक घेतो.

पहिली म्हणजे गर्दी. अर्ध्या किलो रताळ्यात साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास नुसतं पाणी असतं. त्यातलं बरंचसं वाफ होऊन बाहेर पडायला हवं. टोपलीत तीन थर असले की खालच्या तुकड्यांची वाफ वरच्यांना लागते आणि तुम्ही फ्राइज न करता मोदक उकडल्यासारखी उकड काढता. ४ लिटरच्या टोपलीत एका वेळी २५० ग्रॅम, फार तर ३००. तळाची जाळी तुकड्यांमधून अधूनमधून दिसली पाहिजे. दिसत नसेल तर दोन घाणे करा.

दुसरी, मीठ आधी. मीठ पाणी ओढून बाहेर काढतं. कालवून दहा मिनिटं ठेवलं तर भांड्याच्या तळाशी पाणी सुटलेलं दिसेलच. मीठ बाहेर काढल्याबरोबर, तुकडे गरम असतानाच भुरभुरा. तिखटाचंही तेच. १८०-२०० अंशांवर तिखट करपून कडू होतं, काळ्या टोकांतला निम्मा काळेपणा त्याचाच असणार.

तिसरी, जाडी. तुमचं "बोटभर" म्हणजे दीड सेंटिमीटर असावं. रताळ्याला ८ मिलिमीटर पुरे. आणि सगळे तुकडे सारखे हवेत. रताळं टोकाला निमुळतं असतं, तिथले बारीक तुकडे वेगळे काढून ते शेवटच्या सहा-सात मिनिटांसाठी टाका. टोकं काळी पडतात ती यामुळे.

चौथी, तुकडे कोरडे केलेच नाहीत. धुवून चाळणीत निथळणं म्हणजे कोरडं करणं नव्हे. जुन्या सुती पंच्यावर एका थरात पसरा, वरून दुसरा पंचा दाबा, दहा मिनिटं पंख्याखाली ठेवा. हात फिरवल्यावर तळव्याला ओल लागता कामा नये.

गवतीचहा
वाचनखूण साठवली. बारीकसारीक, एक शंका. कढईत तर तुकडे ओले असले तरी कुरकुरीत होतात की. इथे ओलेपणाचा एवढा बाऊ का?

बारीकसारीक
तेल तुकड्याला चारी बाजूंनी चिकटून असतं आणि हवेपेक्षा कितीतरी जास्त वेगाने उष्णता देतं. १८० अंशांच्या तेलात पडल्या क्षणी पृष्ठभागावरचं पाणी चरचरून उडतं. तेच तापमान हवेचं असेल तर तिला तेवढं पाणी उडवायलाच पाच-सात मिनिटं लागतात, आणि तोवर आतला गर शिजून मऊ झालेला असतो. म्हणून कढईतली पाककृती तेल कमी करून इथे आणली की फसते. इथे वरचं कवच तळलं जात नाही, वाळवून भाजलं जातं.

खरं तर याला फ्रायर म्हणणंच चूक आहे. वर कॉइल, तिच्यावर पंखा, खाली जाळीची टोपली: पंखा लावलेली छोटी भट्टी झाली. २०१० साली फिलिप्सने 'एअरफ्रायर' या नावाने बाजारात आणली आणि नाव चिकटलं. 'वारा-भट्टी' म्हणून विकली असती तर निम्म्या तक्रारी कमी झाल्या असत्या.

दुपारची_झोप
'वारा-भट्टी' हा शब्द आवडल्या गेला आहे.

तिखटमीठ
बटाट्याची रीत सविस्तर लिहिते, कारण बाकीच्या कंदांना काय वेगळं करायचं ते त्यावरून कळेल.

बटाटे ५०० ग्रॅम. १ सेंटिमीटर जाड तुकडे. थंड पाण्यात अर्धा तास, मध्ये एकदा पाणी बदलून. पाणी दुधाळ दिसतं तो वरवरचा स्टार्च. तो राहिला तर तुकडे एकमेकांना चिकटतात, आणि सोबत थोडी साखरही धुतली जाते, म्हणजे रंग एकसारखा येतो.

मग दीड लिटर पाणी उकळून त्यात एक टेबलस्पून व्हिनेगर आणि दोन टीस्पून मीठ. त्यात तुकडे ५ ते ६ मिनिटं. सुरीचं टोक सहज शिरावं पण तुकडा उचलल्यावर वाकून तुटू नये. आंबटामुळे बटाट्यातलं पेक्टिन (पेशींना चिकटवून ठेवणारं द्रव्य) लवकर विरघळत नाही, तुकडे अख्खे राहतात. चाळणीत ओतून दोन मिनिटं वाफ जाऊ द्या, मग पंच्यावर पसरून पूर्ण गार करा. वेळ असेल तर उघड्या ताटात तासभर फ्रीजमध्ये, झाकण न ठेवता. फ्रीजची कोरडी हवा इथे उपयोगी पडते.

तेल एक टेबलस्पून, हाताने चोळून. एअर फ्रायर ४ मिनिटं रिकामा तापवा. १६० अंशांवर १० मिनिटं, हलवा, मग २०० वर ७ ते ८ मिनिटं, दर तीन मिनिटांनी हलवत. वरची वेळ अर्ध्या किलोची नाही, २५० ग्रॅमच्या एका घाण्याची आहे.

सोललेले तुकडे उकळीत टाकायचे नसतील तर भिजवून-पुसून थेटही करता येतात, पण मग कवच पातळ येतं आणि दहा मिनिटांत मऊ पडतं.

चकलीबहाद्दर
उकळत्या पाण्यात मीठ चालतं आणि टोपलीत टाकण्याआधी लावलेलं मीठ चालत नाही, हे कसं काय?

तिखटमीठ
उकळत्या पाण्यातल्या मिठाने चव आत जाते आणि तुकडे नंतर वाळवलेच जातात. कच्च्या तुकड्यावर कोरडं मीठ लावून लगेच टोपलीत टाकलं तर सुटलेलं पाणी जाणार कुठे? वेळेचा फरक आहे.

पाटावरवंटा
व्हिनेगरऐवजी पाव टीस्पून खाण्याचा सोडा टाकून पाहा. सोड्याने उलट होतं: पेक्टिन सैल पडतं, बाहेरचा थर भुसभुशीत होतो. निथळल्यावर पातेल्यात झाकण लावून दोन-चार हिसके द्यायचे, कडा खरबरीत होऊन तुकड्यांवर बटाट्याचाच लगदा माखला जातो. तो लगदा वाळून जे कवच होतं त्याला तोड नाही. मात्र हे मोठ्या फोडींना. बारीक फ्राइज या पद्धतीने केले तर पातेल्यात भरीत मिळेल.

तिखटमीठ
बरोबर. सरळसोट काड्या हव्यात तर आंबट, ओबडधोबड फोडी हव्यात तर सोडा. दोन्ही एकदम घालू नका, फेस येईल आणि काहीच होणार नाही.

मोजूनमापून
बटाटा कोणता हे कोणीच विचारलं नाही अजून!

पावसाळ्यात बाजारात येतो तो बहुतेक आग्र्याकडचा, शीतगृहातला. खायच्या बटाट्याची शीतगृहं २ ते ४ अंशांवर चालतात. एवढ्या थंडीत बटाटा स्वतःतल्या स्टार्चची साखर करतो. हा 'गोड' बटाटा एअर फ्रायरमध्ये आठव्या मिनिटालाच तपकिरी होतो आणि आतून ओला राहतो. वेफर्सवाल्यांचा माल म्हणूनच १० ते १२ अंशांवर ठेवतात. भाजीवाल्याकडे "गोड नसलेला, तळणीचा द्या" म्हटलं तर त्याला कळतं. चिपसोना, फ्रायसोना या कुफरी जाती त्याच कामासाठी काढलेल्या आहेत, पण सुट्या बाजारात जात सांगणारा विक्रेता मिळणं कठीण.

घरच्या घरी चाचणी: एक लिटर पाण्यात १२० ग्रॅम मीठ विरघळवा आणि बटाटे सोडा. बुडाला तर त्यात कोरडा भाग जास्त, फ्राइजला उत्तम. तरंगला तर रस्सा भाजी करा. गोड बटाटा घरात आलाच असेल तर फ्रीजबाहेर, अंधाऱ्या टोपलीत दोन-तीन आठवडे ठेवा. साखर बरीचशी उतरते.

दुपारची_झोप
म्हणजे फ्राइज खायची इच्छा झाल्यावर तीन आठवडे थांबायचं. वजन कमी करायचा यापेक्षा चांगला उपाय नाही.

मुळावरती
अवांतर: बटाटा मूळ नाही, खोड आहे. डोळे असतात ना, त्या कळ्या. सुरण आणि अळकुडीही खोडच, त्यांना घनकंद म्हणतात. खरी मुळं म्हणजे रताळं, गाजर, बीट, मुळा आणि कसावा.

शेगडी
म्हणूनच आपल्याकडे 'कंदमुळे' असा जोडशब्द आहे. दोन्ही बाजू सांभाळून घेतल्या आहेत पूर्वजांनी.

मोजूनमापून
आता मूळ प्रश्न, म्हणजे रताळं. इथे तिखटमीठ यांची दोन टप्प्यांची रीत जशीच्या तशी लावू नका.

रताळ्यात एक विकर (एन्झाइम) असतं, ते साधारण ६० ते ७५ अंशांच्या दरम्यान स्टार्चचं माल्टोज, म्हणजे एक प्रकारची साखर, करतं. रताळं निखाऱ्यात सावकाश भाजलं की पाकासारखं गोड होतं ते यानेच. फ्राइज करताना नेमकं हेच नको असतं. १६० वर दहा मिनिटं ठेवलं तर तुकड्याचा आतला भाग त्या टापूत रेंगाळतो, स्टार्च कमी होतो, साखर वाढते. मग आत गिच्च आणि बाहेर काळं. तुमच्या १८० ने थोड्या प्रमाणात तेच केलं.

म्हणून रताळं एकदम गरम हवेत. एअर फ्रायर ५ मिनिटं २०० वर तापवायचा, ८ मिलिमीटरचे तुकडे टाकायचे, २०० वर ६ मिनिटं, हलवून १९० वर आणखी ६ ते ७. अकराव्या मिनिटापासून उघडून पाहत राहा. रताळं सोनेरीवरून काळ्यावर दीड मिनिटात जातं.

आणि रताळी फ्रीजमध्ये ठेवू नका. १२ अंशांखाली त्यांना थंडी बाधते आणि मधला गाभा किती शिजवला तरी कडक राहतो.

ह्यूस्टनची_हळद
मोजूनमापून यांना अनुमोदन, फक्त एक जोडते. इंग्रजी पाककृती ज्या केशरी रताळ्यासाठी लिहिलेल्या असतात ते पाणचट असतं. त्यात कोरडा भाग वीस टक्क्यांच्या आसपास, आपल्या पांढऱ्या गराच्या रताळ्यात तीसपर्यंत. त्यामुळे केशरीला स्टार्चचा लेप लागतोच, पांढऱ्याला तो ऐच्छिक. अमेरिकेत देशी दुकानात किंवा कोरियन दुकानात जांभळ्या सालीची, पिवळट-पांढऱ्या गराची मिळतात ती घ्या, निम्मं काम तिथेच होतं.

जाता जाता, इथे १२० व्होल्टवर १७०० वॉटचा एअर फ्रायर १४ अँपिअर खातो. त्याच १५ अँपिअरच्या लाइनवर मायक्रोवेव्ह लावला की ब्रेकर पडणार म्हणजे पडणार.

पाटावरवंटा
भारतात उलटी गंमत. १५०० वॉट म्हणजे साडेसहा अँपिअर आणि लोक तो ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटला कन्व्हर्टर लावून चालवतात. पिन गरम होते, प्लास्टिकचा वास येतो, आणि मग "मशीनच खराब". गीझर-इस्त्रीचा १६ अँपिअरचा मोठा सॉकेट वापरा. एक्सटेन्शन बोर्ड नको.

केळफूल
बापरे, एवढं सगळं! १६ अँपिअरवरच आहे, ते एक बरं. पांढऱ्या भुकटीचं राहिलं. कॉर्नफ्लोर आधी की तेल आधी?

चकलीबहाद्दर
तेल आधी. तेलावर पीठ चिकटतं.

तिखटमीठ
पीठ आधी! तेल आधी लावलंत तर पीठ तेलात गोळा होतं आणि पाणी न मिळाल्याने कच्चंच राहतं.

चकलीबहाद्दर
कोरड्या तुकड्यावर कोरडं पीठ तरी कुठे चिकटतंय? झटकलं की खाली.

बारीकसारीक
दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर. स्टार्च शिजायला पाणी लागतं. ते मिळालं तरच तो फुगून पापुद्रा धरतो, आणि तो पापुद्रा वाळला की कुरकुरीत होतो. कोरडा राहिलेला कण नुसता तापतो, पांढराच राहतो. तेलाचं काम वेगळं, ते उष्णता पोचवतं आणि रंग आणतं.

म्हणून असं करा. वाळवलेले तुकडे २५० ग्रॅम. त्यावर फक्त एक टीस्पून पाणी शिंपडा, हाताने उलटसुलट करा. मग कॉर्नफ्लोर दीड टीस्पून, बारीक चाळणीतून. परत कालवा आणि पाच मिनिटं तसंच ठेवा. तुकड्यांवर पांढरं दिसेनासं होऊन नुसतं मंद, ओशट-ओलसर दिसायला लागलं की पीठ ओलं झालं. आता दीड टीस्पून तेल. यानंतरही पांढरा ठिपका दिसला तर तिथे बोटाने तेल लावा, कारण टोपलीत गेल्यावर तो ठिपका तसाच बाहेर येणार.

कॉर्नफ्लोर जास्त घालायचा मोह टाळा. ५०० ग्रॅमला एक टेबलस्पून, बस. दुप्पट घातलं तर खाताना दातांना खडूसारखं लागतं.

दुपारची_झोप
आणि भज्यांसारखं पातळ पीठ करून बुडवलं तर?

बारीकसारीक
तेलात पीठ पडता क्षणी आवळतं. हवेत ते आवळायच्या आत गळून जाळीतून खाली जातं, उरलेलं जाळीला चिकटतं. भजी कढईतच.

शेगडी
मी काही बोलत नाहीये, नोंद घ्यावी.

कोकमकढी
उपासाला कॉर्नफ्लोर चालत नाही, आणि रताळी बहुतेक घरांत आषाढी-महाशिवरात्रीलाच येतात. त्याचं काय?

तिखटमीठ
आरारूट, त्याच प्रमाणात. पारदर्शक, पातळ कवच येतं, कॉर्नफ्लोरहून किंचित ठिसूळ. पण पाकिटावरचे घटक वाचा, आरारूट म्हणून भलताच स्टार्च विकला जातो. वरीचं पीठही छान, रव्यासारखा रवाळपणा येतो. शिंगाड्याचं पीठ लवकर तांबूस होतं, त्याला १८० च्या वर नेऊ नका. राजगिऱ्याचं घातलं तर राजगिऱ्याचीच चव लागते. साबुदाण्याचं पीठ टाळा, गार झाल्यावर दगड. वर सैंधव आणि मिरपूड.

चकलीबहाद्दर
आमच्याकडे उपासाला जिरं चालतं, मिरपूड नाही.

कोकमकढी
आमच्याकडे मिरपूड चालते, कोथिंबीर नाही.

मुळावरती
आणि गाजर? ते तर कंदमुळांतच येतं.

दुपारची_झोप
हा धागा आता आषाढीपर्यंत चालणार. प्रत्येक घराच्या उपासाची घटना वेगळी आहे, दुरुस्त्यांसह.

कोकमकढी
बरं, मुद्द्यावर येते. सुरण. तो नुसता कापून एअर फ्रायरमध्ये टाकू नका, हे ठळक अक्षरांत वाचा. सुरणात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, कोरड्या उष्णतेने ते जात नाहीत. वरून छान तांबूस दिसेल आणि घशाला अशी खवखव सुटेल की विचारू नका.

सोलताना हात कोरडे आणि खोबरेल लावलेले. आधी धुवायचा नाही, ओला सुरण जास्त खाजतो. ५०० ग्रॅम सोललेला सुरण, सव्वा सेंटिमीटर जाड कांड्या. एक लिटर पाण्यात लिंबाएवढी चिंच कोळून, नाहीतर सहा-सात आमसुलं, एक टीस्पून मीठ, अर्धा टीस्पून हळद. उकळी आली की सुरण टाकून ७ ते ८ मिनिटं. सुरी शिरली पाहिजे, पण कडा सुटता कामा नयेत. पाणी फेकून द्या, ते आमटीत वापरायची काटकसर नको. निथळून गार करा, एक तुकडा जिभेवर ठेवून पाहा. चुणचुण वाटली तर परत आंबट पाण्यात तीन मिनिटं.

मग लाल तिखट, आणि बारीक रवा दोन भाग, तांदळाचं पीठ एक भाग. सुरण ओलसर असताना त्यात घोळवून, दाबून. दोन्ही बाजूंना तेल, १९० वर १४ मिनिटं, सातव्या मिनिटाला उलटून.

गोंयकार_मांजर
कोकमकढी, हे फ्राइज नव्हेत, हे काप! आणि काप तव्यावरच. रव्याला खालून तेल मिळालं तरच तो खमंग होतो. एअर फ्रायरमध्ये रवा कोरडा राहतो, चावताना वाळू.

कोकमकढी
वाळू लागते ती तेल कंजूसपणे लावलं तर. रव्याला पिठापेक्षा जास्त तेल लागतं, ५०० ग्रॅमला दीड टेबलस्पून तरी. फवारणीची बाटली पुरत नाही, ब्रशने लावायचं. पण खमंगपणात तवा सरस, हे मान्य. एअर फ्रायरचा फायदा आठ माणसांचे काप करताना तव्यापाशी उभं राहावं लागत नाही एवढाच.

गोंयकार_मांजर
एवढं कबूल केलंत, पुरे. कोनफळाचेही असेच होतात, ते खाजत नाही फारसं. आंबट पाण्यातून काढलं तर त्याचा जांभळा रंग गुलाबीकडे झुकतो, सोडा पडला तर निळा-करडा होतो आणि कोणी खात नाही.

ओसरी
अळकुड्यांचं लिहिते. त्यांची लस ही अडचण, आणि पाणी लागलं की ती वाढते. म्हणून सालासकट धुवून, पुसून, वाफेवर १२ मिनिटं (मध्यम आकार, दाबल्यावर घट्ट लागल्या पाहिजेत). गार झाल्यावर साल हातानेच निघते. उभे चार तुकडे करायचे, कापल्यावर धुवायचे नाहीत. त्या लशीवरच तांदळाचं पीठ छान बसतं, वेगळं पाणी शिंपडायची गरज नाही. २५० ग्रॅमला एक टेबलस्पून पीठ, अर्धा टीस्पून ओवा चुरडून, दोन टीस्पून तेल. २०० वर १२ ते १४ मिनिटं. हलवायचं नाही, चिमट्याने एकदा उलटायचं, नाहीतर एकमेकांना चिकटून गठ्ठा. मीठ शेवटी.

सगळ्या कंदांत मला हे पहिल्या नंबरचे वाटतात. बाहेर कडक, आत लोणी.

मोजूनमापून
पहिला नंबर कसाव्याचा. स्टार्चच स्टार्च. केरळी दुकानात 'कप्पा' म्हणून, परदेशात गोठवलेला सोललेला मिळतो. ताजा असेल तर साल आणि तिच्या खालचा गुलाबीसर थर पूर्ण काढायचा. कच्चा अजिबात खायचा नाही, त्यात सायनाइड सोडणारी द्रव्यं असतात. भरपूर पाण्यात उघड्या पातेल्यात २० मिनिटं, तुकडे टोकाला तडकायला लागेपर्यंत. पाणी फेकून द्यायचं. मधली दोरी काढायची, बोटाएवढे तुकडे, तेल, २०० वर १५ मिनिटं. पीठबीठ काही लागत नाही. तडकलेल्या कडाच कुरकुरीत होतात.

गवतीचहा
बीट, गाजर, मुळा?

तिखटमीठ
बीट-गाजरात ८७-८८ टक्के पाणी, स्टार्च जवळपास नाही, साखर भरपूर. फ्राइजसारखे होणार नाहीत ही खूणगाठ बांधूनच करा. ६ मिलिमीटरच्या काड्या, तांदळाचं पीठ, १६० वर १६ ते १८ मिनिटं, शेवटी दोन मिनिटं १९०. आकार निम्मा होतो. चव छान येते, भाजलेली, गोडसर, कडा थोड्या चुरचुरीत. पण चिवटपणा राहतोच.

मुळ्यात ९५ टक्के पाणी. मुळ्याची भाजी करा.

मुळावरती
आयडीचा अपमान.

डब्लिनकर
इकडे हिवाळ्यात पार्सनिप मिळतं, पांढऱ्या गाजरासारखं दिसणारं. गाजरापेक्षा स्टार्च जास्त, त्यामुळे बरंच जमतं. मधला लाकडासारखा गाभा काढून टाका, २ मिनिटं उकळत्या पाण्यात, वाळवून, १९० वर १२ मिनिटं. वर जिरेपूड आणि लिंबू. गोडसर असल्याने मधाबिधाची गरज नाही, इकडचे लोक उगाच घालतात.

एक विचारायचं होतं: टोपलीत बेकिंग पेपर घातलेला चालतो का? धुणं वाचतं.

बारीकसारीक
फ्राइजला नको. हवा खालून फिरली पाहिजे आणि तुम्ही तिचा रस्ताच बंद करता. रिकामं तापवताना तर कधीच नको. वजन नसल्याने कागद उडून वरच्या कॉइलला लागतो आणि पेटतो.

अजून दोन गोष्टी. दाबून फवारायच्या डबीतलं तेल वापरू नका. त्यात लेसिथिन असतं, ते नॉनस्टिकवर चिकट पिवळा थर धरतं आणि तो घासताना लेप जातो. साधी पंपाची बाटली, घरचं शेंगदाणा किंवा सूर्यफूल तेल. आणि धूर येऊ नये म्हणून खालच्या ड्रॉवरमध्ये पाणी ओतायचा सल्ला फिरतो, तो चरबीवाल्या मटण-चिकनसाठी आहे. फ्राइजच्या वेळी तेच पाणी वाफ होऊन तुमचे फ्राइज मऊ करेल.

चकलीबहाद्दर
फ्रोझन पाकिटातले फ्राइज मात्र काहीही केलं तरी कुरकुरीत होतात. हा अन्याय का?

मोजूनमापून
ते कारखान्यात आधीच उकळून, वाळवून, तेलात अर्धवट तळलेले असतात. कवच तयारच असतं, तुम्ही फक्त गरम करता. शिवाय गोठताना बर्फाचे स्फटिक पेशी फोडतात, त्यामुळे पाणी पटकन बाहेर पडतं. घरी जमतं: तिखटमीठ यांच्या रीतीने १६० चा टप्पा पूर्ण करा, गार करा, ताटात सुटे सुटे गोठवा, मग पिशवीत. काढल्यावर वितळू न देता थेट २०० वर १२ ते १४ मिनिटं. ताज्यापेक्षा हेच सरस होतात.

केळफूल
करून पाहिलं. पांढऱ्या गराची रताळी २५० ग्रॅम, ८ मिलिमीटर, अर्धा तास पाण्यात, पंच्यावर वाळवून, एक टीस्पून पाणी, दीड टीस्पून कॉर्नफ्लोर, पाच मिनिटं थांबून दीड टीस्पून तेल. २०० वर ६, हलवून १९० वर ६. मीठ-तिखट बाहेर काढल्यावर. पांढरा ठिपका एकही नाही, मोडताना आवाज येतो!

दोन अडचणी उरल्या. खोलगट वाडग्यात काढले, तर तळातले पाच-सहा मिनिटांत परत मऊ. आणि दुसरा घाणा होईपर्यंत पहिला गार.

दुपारची_झोप
फोटू कुठाय? फोटूशिवाय पाककृती ग्राह्य धरली जात नाही.

केळफूल
संपले.

बारीकसारीक
वाडगा हाच दोषी. आतली वाफ कवचातून बाहेर येत असते, खोलगट भांड्यात ती अडकते. केकच्या जाळीवर किंवा पुरणाच्या चाळणीवर एका थरात पसरा, वरून काही झाकू नका. त्यातून रताळ्यातली साखर हवेतली ओल ओढते, त्यामुळे मुंबई-कोकणात पावसाळ्यात ते दहा मिनिटांपलीकडे टिकणारच नाहीत, वाद नको.

दोन घाण्यांसाठी: पहिला घाणा दोन मिनिटं कमी ठेवून जाळीवर काढा. दुसराही तसाच. मग दोन्ही एकत्र टोपलीत, २०० वर दोन ते अडीच मिनिटं, मध्ये एकदा हलवून. आता पाणी उडून गेलेलं असल्याने गर्दी चालते. मीठ त्यानंतर.

केळफूल
हे आज रात्रीच. पुरणाची चाळण सापडली तर.

शेगडी
कढईशेजारी असेल बघा.